क्रोशाची वाटी आणि तांदळाची खळ : पूर्व विदर्भातील एका घरगुती कलेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या भागातील मध्यमवर्गीय घरांत झालेल्या विवाहांची छायाचित्रे पाहिली, तर रुखवताच्या मेजावर काही वस्तू हमखास दिसतात. सुपारीचे नवरा-नवरी, मण्यांचा हत्ती, लोकरीची फुले, क्रोशाचे गोल रुमाल आणि त्यांच्याच शेजारी क्रोशाने विणून खळ देऊन ताठ केलेली, पांढरी किंवा फिकट गुलाबी रंगाची जाळीदार वाटी. तिच्यात खडीसाखर किंवा कागदी फुले ठेवलेली असत. लग्नानंतर ती काचेच्या कपाटात जाई आणि मग बहुधा विस्मरणात.

अशा वस्तूकडे इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. ‘फावल्या वेळातील हस्तकला’ एवढ्या शब्दांत तिची बोळवण होते. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे आहे की, ही वाटी म्हणजे एक पुरावा आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. तिच्या विणीचा नमुना युरोप-अमेरिकेतून आलेला आहे, हे सर्वमान्य होण्यासारखे आहे. परंतु नमुन्यातून मिळते ती केवळ एक सपाट चकती. त्या चकतीची वाटी होते ती खळीमुळे आणि ज्या भांड्यावर ती वाळवली जाते त्या भांड्यामुळे. या दोन्ही गोष्टी इथल्या आहेत. क्रोशाचा इतिहास लिहिताना सुई आणि दोऱ्याचा मागोवा पुष्कळांनी घेतला. खळीचा विचार त्या मानाने फार थोडा झाला आहे.

या विषयाकडे मी वळले ते एका चुकीमुळे, ती प्रथम नोंदवणे उचित ठरेल. माझ्या आईच्या रुखवतातील, १९७० च्या दशकात विणलेली एक वाटी आमच्या घरी आहे. ती पिवळट पडली होती. साधन स्वच्छ असावे अशा समजुतीने मी ती कोमट पाण्यात भिजवली. दहा मिनिटांनी पाण्यात वाटी नव्हती. बावीस सेंटिमीटर व्यासाचा एक मऊ, गोल, निर्जीव रुमाल तरंगत होता. आत्याला दाखवला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “अगं, घाबरतेस कशाला? ही तर दर दोन-तीन वर्षांनी अशीच व्हायची. पेज कर आणि ती वाटी आण.” पुढील विवेचन बऱ्याच अंशी या दोन वाक्यांचे भाष्य आहे.

आकडीचा प्रवास

‘क्रोशे’ हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहान आकडा. मराठीत तो क्रोशे, क्रोशा, क्रोशिया अशा रूपांनी रुळला. छापील स्वरूपातील क्रोशाचे आरंभीचे नमुने १८२३-२४ च्या सुमारास हॉलंडमधील ‘पेनेलोपे’ या नियतकालिकात आढळतात. १८४० च्या दशकात लंडनमध्ये एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर हिने नमुन्यांची पुस्तके प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला आणि आकडीने विणलेली लेस मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत जाऊन पोहोचली. मेजावरच्या लहान शोभिवंत रुमालाला इंग्रजीत ‘डॉयली’ म्हणतात. हे नाव सतराव्या शतकातील लंडनच्या एका कापडव्यापाऱ्याच्या आडनावावरून आले, असे मानले जाते.

परंतु या कलेचा प्रसार केवळ दिवाणखान्यांमुळे झाला नाही. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील जोगिणींनी आणि क्लोन्स येथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसान्ड्रा हँड हिने उपासमार होत असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवून ती विकण्याची व्यवस्था लावली. शेतीवर आणि घरावर संकट कोसळले असता स्त्रीच्या बोटांना बाजाराशी जोडणारी विद्या, असे क्रोशाचे रूप येथे प्रथम ठळक झाले. पुढे मिशनऱ्यांनी ते जगभर नेले.

हिंदुस्थानात ही विद्या त्याच वाटेने आली. आंध्रातील गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटिश मिशनरी दांपत्याने लेसकाम शिकवण्यास आरंभ केला, तेथूनच नरसापूरचा विख्यात व्यवसाय उभा राहिला. महाराष्ट्रात मुलींच्या शाळांतून सुईकाम फार लवकर आले. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या मार्गारेट विल्सन आणि त्यांच्याही आधी आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांच्या शाळांत वाचन-लेखनासोबत शिवण शिकवली जाई. पालकांनी मुलीला शाळेत धाडावे यासाठी अक्षरांपेक्षा सुई अधिक समजावणीची ठरत असे. १८८२ च्या हंटर आयोगाने मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा आणि गृहजीवनाच्या गरजांना धरून असावा, अशी शिफारस केली. सुईकाम हे त्यानंतर मुलींच्या शिक्षणाचे जणू ओळखपत्रच झाले.

आपल्या भागापुरते पाहावयाचे तर नागपुरास स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले, आणि शतकाच्या अखेरच्या दशकांत भंडाऱ्यासही फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशन काम करू लागले. आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ रोजी. १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग आमगाववरून गेला आणि कापड, रीळ, सुया अशा गिरणीच्या मालाला या धानाच्या मुलखात वाट मिळाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा यांना केडगावला घेऊन गेल्या. तेथील मुक्तिसदनात या मुलींना जे उद्योग शिकवले गेले, त्यांत शिवण-विणकाम होते. आयर्लंडचा दुष्काळ आणि मध्य प्रांताचा दुष्काळ यांत अर्धशतकाचे अंतर आहे. तरीही उपासमारीतून वाचलेल्या मुलीच्या हाती सुई देण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही.

रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेने १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने ही विद्या मिशनच्या कुंपणाबाहेर आणून प्रतिष्ठित हिंदू घरांत नेली. तेथे सुईकाम हे निराधार स्त्रीचे उपजीविकेचे साधन होते तसेच सुशिक्षित गृहिणीचे भूषणही होते. या दोन अर्थांची सरमिसळ पुढे कधीच सुटली नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली, तेव्हा हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी मान मिळाला खरा; पण तो सूतकताईला, शेतीला. शोभेच्या विणकामाला तेथे स्थान नव्हते. ज्या विदर्भात ही योजना आकाराला आली, त्याच विदर्भातील मुली मात्र घरी क्रोशाचे रुमाल विणत राहिल्या. पुढे शालेय अभ्यासक्रमात ‘कार्यानुभव’ हा विषय आला, तेव्हा अनेक शाळांतून क्रोशाची सुई मागच्या दाराने परत आली, हा तपशील मौजेचा आहे.

खांब, मुका खांब आणि एक गैरसमज

आईच्या वाटीसोबत कागदाचा एक तुकडा होता. परदेशी नियतकालिकातून कापलेला, इंग्रजी संक्षेपांनी भरलेला. त्याच्या कडेला आईच्या अक्षरात शिसपेन्सिलीने लिहिले होते : ‘डबल म्हणजे खांब. मुका नव्हे.’

या पाच शब्दांमागे क्रोशाच्या परिभाषेतील एक जुना घोटाळा आहे. इंग्रजांच्या परिभाषेत ‘डबल क्रोशे’ म्हणजे सर्वांत आखूड टाका. अमेरिकनांच्या परिभाषेत तेच नाव त्याहून उंच, सुईवर एक वेढा घेऊन घातलेल्या टाक्याला आहे. आपल्याकडच्या शाळांतून शिकवली जाणारी परिभाषा इंग्रजी होती, तर दुसऱ्या महायुद्धानंतर हाती पडू लागलेले पुष्कळ नमुने अमेरिकन होते. नाव एक, टाके दोन. मराठी विणकाम करणाऱ्या स्त्रियांनी मात्र टाक्यांना नावे दिली ती त्यांच्या दिसण्यावरून. साखळी ती साखळी; उभा दिसतो तो खांब; उभा राहता राहता थांबतो तो मुका खांब; दोन वेढे घेतले तर दोन वेढ्यांचा खांब. या नावांत इंग्रज-अमेरिकन असा भेद शिरू शकत नाही. ही परिभाषा कोणत्याही समितीने घडवलेली नाही, आणि पारिभाषिक कोशांच्या अभ्यासकांनी तिची दखल घ्यावी इतकी ती निर्दोष आहे.

हा घोटाळा नुसता शब्दांचा नव्हे. क्रोशाची चकती सपाट राहावयाची असेल तर प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवावे लागतात : मुक्या खांबांची चकती असेल तर साधारण सहा, खांबांची असेल तर साधारण बारा. टाका जितका उंच तितका घेर वेगाने वाढतो, म्हणून टाकेही अधिक लागतात. वाढ कमी पडली तर चकती आपोआप द्रोणासारखी वळते; अधिक झाली तर तिला चुण्या पडून झालर होते. आता अमेरिकन नमुन्यातील ‘डबल’ हा शब्द इंग्रजी अर्थाने वाचून बारा-बारा टाके वाढवत मुके खांब घातले, तर वाटीचा तळच झालरीसारखा उसळेल. आईच्या समासातील सूचना असा एखादा तळ उसवल्यावरच लिहिली गेली असावी, असे मला वाटते. ‘मुका नव्हे’ या शब्दांखाली तिने दोनदा रेघ ओढली आहे.

पाक की पेज

आता ताठपणाकडे वळू. जुन्या अमेरिकन आणि इंग्रजी नमुन्यांत, विशेषतः १९४०-५० च्या दशकांतील झालरीचे रुमाल, टोपल्या व हंस यांच्या नमुन्यांत, शेवटी एक कृती दिलेली असते. साधारण तीन भाग साखर आणि एक भाग पाणी तापवून, साखर विरघळली की उतरवावे. विणलेली वस्तू त्यात बुडवून पिळावी. हव्या त्या आकारावर ताणून वाळवावी. ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० पासून सप्टेंबर १९५३ पर्यंत साखर शिधापत्रिकेवर मिळत होती. त्या काळात कोणी शोभेच्या टोपलीवर वाटीभर साखर खर्च केली असेल, हे संभवत नाही. ही कृती सुबत्तेची आहे.

मराठी गृहिणीला ही कृती समजण्यास अडचण पडण्याचे कारण नव्हते. एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा पाकाच्या पायऱ्या तिच्या बोटांना ठाऊक होत्या. संक्रांतीच्या हलव्यावर काटा आणणे म्हणजे साखरेचे स्फटिक हवे तिथे व हवे तितके जमवणे. क्रोशाच्या वाटीत नेमके तेच टाळावे लागते, कारण पाक अधिक शिजला की वाळताना दोऱ्यावर पांढरी भुकटी धरते आणि जाळीची नजाकत जाते. हलव्याचे दागिने करणारीला हा नियम उलटा करून वापरण्याइतकाच प्रश्न होता.

तरीही आपल्या भागात पाकाची वाटी टिकली नाही, याची कारणे हवेत आहेत. पूर्व विदर्भात जून ते सप्टेंबर भरपूर पाऊस पडतो. हवेतील ओलावा वाढला की साखर पाणी शोषून घेते. वाटी प्रथम चिकट होते, मग वाकते, आणि त्याआधीच मुंग्यांना तिचा पत्ता लागलेला असतो. उबदार, कोरड्या खोल्यांसाठी लिहिलेली कृती आषाढात कपाटातच विरघळते. शिवाय रेशनच्या साखरेचा हिशेब ठेवणाऱ्या घरात ती रुमालावर ओतण्यास सासूची संमती मिळणे कठीणच होते.

तांदूळ मात्र घरोघर होता. आणि तांदळाची खळ ही इथे नवी गोष्ट नव्हती. भंडारा जिल्ह्यातील कोष्टी समाज पिढ्यान्पिढ्या हातमागावर कापड विणत आला आहे. मागावर चढवण्यापूर्वी ताण्याच्या सुताला पेज पाजावी लागते, म्हणून त्या क्रियेचे नावच ‘पाजणी’. पाजणी नीट झाली तर सूत तुटत नाही, केसाळ होत नाही. लुगड्याला, धोतराला खळ देणे हे तर प्रत्येक घरातले काम. क्रोशाच्या वाटीला दिलेली पेज ही या परंपरेचीच एक लहानशी फांदी होय. इंग्रजी शिष्टाचाराच्या इतिहासात कपड्यांच्या खळीला स्वतंत्र प्रकरण आहे. १५६४ मध्ये फ्लँडर्सहून लंडनला आलेल्या डिंगन व्हान डेर प्लासे या स्त्रीने मानाच्या कॉलरींना खळ देण्याची विद्या तेथे पैसे घेऊन शिकवली, असे त्या काळचे बखरकार सांगतात. आपल्याकडे पाजणीचे असे चरित्र लिहिले गेले नाही, कारण ती विद्या कोणी बाहेरून आणलेली नव्हती.

तांदळाची खळ क्रोशाला मानवते याला शास्त्रीय आधार आहे. नेहमीच्या धान्यांत तांदळाच्या पिष्टाचे कण फार बारीक, केवळ काही मायक्रॉन आकाराचे असतात. साधारण सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास पाण्यात ते फुगतात, त्यांतील पिष्ट बाहेर येते आणि वाळल्यावर दोऱ्याभोवती पातळ, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. कण बारीक असल्याने तो दोऱ्याच्या पिळात शिरतो, जाळीची भोके बुजत नाहीत. युरोपातही नाजूक लेससाठी तांदळाच्याच खळीला पसंती असे.

आत्याची पद्धत मी पायरीपायरीने टिपून घेतली. दोन मुठी तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवून पेज गाळून घ्यायची. गाळताना फडके दोनपदरी. पेज पुन्हा आटवायची, बोटाला तार नव्हे पण ‘ओढ’ लागेपर्यंत. रुमाल त्यात बुडवून तळहातांमध्ये दाबायचा, पिळायचा नाही, कारण पिळले की खांब तिरपे होतात. पितळी वाटीला बाहेरून तेलाचे बोट फिरवून ती पाटावर पालथी घालायची आणि तिच्यावर रुमाल मध्यबिंदू साधून पसरायचा. कडेची कमानी टोके एकेक करून बोटाने बाहेर ओढायची. ऊन कडक हवे. अर्धवट वाळल्यावर एकदा वाटी आतल्या आत फिरवून सोडवायची, नाहीतर चिकटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पातळ हात पेजेचा. हे काम वैशाखातले. लग्नसराई आणि कडक ऊन एकाच वेळी येतात ही या कलेची सोयच म्हणावी लागेल.

येथे आकाराचा मुद्दा स्पष्ट होतो. छापील नमुन्यातील चित्रात दिसते ती रुंद, उथळ, पाश्चात्त्य मेजावरची फळांची परडी. आमच्या घरातील वस्तूचा तळ अरुंद, कड उभी आणि उंची बेताची आहे, कारण ती वरणाच्या वाटीवर वाळली. दुसऱ्या एखाद्या घरी ती गडूवर वाळली तर फुलदाणी होई, ताटलीवर वाळली तर तबक. नमुना एकच असूनही वस्तू निरनिराळ्या, आणि प्रत्येकीच्या पोटात त्या घरातल्या भांड्याचा ठसा. अशा वस्तूंचे वर्गीकरण केवळ विणीच्या नमुन्यावरून करणे त्यामुळे अपुरे ठरते.

नरसापूर आणि रुखवत

मारिया मीस यांचे ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. नरसापूरच्या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास क्रोशा विणून निर्यातीचा माल तयार करीत होत्या. तरीही त्यांना कामगार न मानता घरी बसून फावला वेळ घालवणाऱ्या गृहिणी मानले जाई, आणि या समजुतीमुळेच त्यांची मजुरी अत्यल्प राहू शकली व व्यापारी धनवान झाले, हा मीस यांचा मुख्य सिद्धान्त. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने विणणाऱ्या स्त्रीच्या हाती किती पडेल, हा मीस यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे जुना होत नाही.

विदर्भातील क्रोशा बाजारात त्या प्रमाणात गेला नाही. तो रुखवतात गेला. रुखवत हा शब्द मुळात वराकडे पाठवायच्या खाद्यपदार्थांसाठी होता. पुढे त्यात वधूच्या हातच्या कलाकुसरीची भर पडली, आणि हळूहळू खाद्यपदार्थ मागे पडून कलाकुसरच पुढे आली. वधू शिकलेली आहे, तिचा हात ‘वळणदार’ आहे, तिच्यात चिकाटी आहे, याचे ते मांडलेले प्रमाणपत्र होते. पैसा मिळत नसला तरी मोबदल्याचा व्यवहार येथेही होता. विणलेल्या वस्तूच्या बदल्यात मिळे ती सासरची अनुकूल नजर. रुखवताचे हौस म्हणून कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे. मीस यांच्या नरसापुरात श्रम गृहिणीपणाच्या पडद्याआड लपले, आपल्याकडे ते हौसेच्या. पडदा निराळा असला तरी वाटी विणण्यास लागणारे तास बदलत नाहीत. चाळीस नंबरच्या दोऱ्याची बावीस सेंटिमीटरची चकती विणण्यास आत्याला, घरची कामे सांभाळून, तीन आठवडे लागत. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी पेज, पाट, ऊन आणि एक अखंड दुपार. हा दुसरा हिशेब रुखवताच्या मेजावर कधीच दिसत नसे.

साधनांविषयी एक सूचना

१९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आले, आणि पुढील काही दशकांत हस्तकलेत खळीची जागा त्याने घेतली. आज महाविद्यालयीन प्रदर्शनांत दिसणाऱ्या क्रोशाच्या वाट्या बहुधा फेव्हिकॉल पाण्यात कालवून ताठ केलेल्या असतात. त्यांना मुंगी लागत नाही, पावसाळ्यात त्या वाकत नाहीत. परंतु एकदा वाळलेला तो थर दोऱ्यातून पुन्हा सहजासहजी निघत नाही. धूळ बसली की ती वाटी टाकून द्यावी लागते. पेजेची वाटी पाण्यात घातली की रुमाल होते आणि पुन्हा वाटी होऊ शकते. संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने पिष्ट आणि साखर या दोन्ही कीड व बुरशी ओढवून घेणाऱ्या वस्तू आहेत, म्हणून जतनासाठी त्या धुऊन काढण्याचा सल्ला दिला जातो. तो योग्यच आहे. मात्र धुण्यापूर्वी वाटीची उंची, तळाचा व तोंडाचा व्यास, कडेची वळणे आणि खळीचा प्रकार यांची नोंद झाली नाही, तर साधन स्वच्छ होते आणि पुरावा वाहून जातो. माझ्या हातून तेच घडले. आयोडीनच्या एका थेंबाने खळ पिष्टाची आहे की साखरेची हे कळले असते, कारण पिष्ट असेल तर डाग निळा पडतो. तो थेंब टाकण्याचे मला धुतल्यानंतर सुचले.

माजघरातील ट्रंकांमध्ये अशा वाट्या व नमुन्यांचे कागद अजून असतील. आपल्या विद्यार्थिनींना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे पाठवून त्यांची मापे, दोऱ्याचा नंबर, साचा म्हणून वापरलेले भांडे आणि समासातील टिपणे उतरवून घेणे, हा एका सत्राचा प्रकल्प सहज होऊ शकतो. आमच्या वाटीच्या नोंदीत मी आता एवढे लिहिले आहे : खांब व साखळी, अकरा फेऱ्या, पेज, दोन हात, साचा पितळी वाटी, तोंड अकरा सेंटिमीटर, उंची पाच. साचा वापरात आहे.